यू, व्ही की सरळ? लांब केसांच्या ट्रिमिंगसाठी डोंबिवलीतलं एक घरगुती पार्लर, पावणेदोन वर्षांचा अनुभव

"दोन बोटं काप" म्हटलं की वीतभर कापतात, हे लांब केस वाढवणाऱ्या प्रत्येकीच्या नशिबी एकदा तरी येतंच. माझ्या नशिबी जानेवारी २०२४ मधे आलं. मैत्रिणीचं लग्न होतं, म्हटलं जरा शेंडे नीट करून घेऊ, म्हणून एका मोठ्या सलूनमधे गेले. नाव लिहीत नाही, कारण हे फक्त तिथेच होतं असं नाहीये, बऱ्याच ठिकाणी हेच होतं. तिथल्या मुलीने विचारलं यू करू का व्ही, म्हणजे मागून केसांची खालची कड यूसारखी गोल का व्हीसारखी टोकदार, मोबाईलवर एक फोटो दाखवला, फोटोतल्या बाईचा पाठमोरा व्ही इतका सुंदर दिसत होता की मी म्हटलं हाच करा. केस धुतले, ओले असतानाच खुर्चीत बसवलं, मान खाली घालायला लावली, आणि दहा मिनिटात झालं पण. ड्रायरने सेट करून दिल्यावर छान दिसत होतं हे खरंच आहे. दुसऱ्या दिवशी तेल लावून वेणी घातली तेव्हा कळलं की काय झालंय. कानामागून निघणारे केस अर्ध्या वेणीतच संपत होते, प्रत्येक पेडातून टोकं बाहेर आलेली, आणि खाली शेवटची वीतभर वेणी म्हणजे अक्षरशः करंगळीएवढी. रबर तीन वेढ्यांऐवजी सहा वेढे घ्यायला लागत होतं. मी त्या दिवशी रडले, खोटं कशाला सांगू.

हे वाचताना कुणाला वाटेल केसच तर आहेत, वाढतील. वाढतात, पण हिशोब करून बघा. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पंधरा, फार तर सहा इंच. वीतभर गेले म्हणजे सव्वा वर्ष गेलं. त्यात माझी मुलगी जून २०२२ ची, तिच्या जन्मानंतर तीन महिन्यांनी जे केस गळायला लागले ते फेब्रुवारीपर्यंत थांबायचं नाव नाही, न्हाणीघराच्या जाळीत रोज मूठभर. डिलिव्हरीनंतर असं होतंच, पोटुशी असताना जे गळायचे थांबलेले असतात ते सगळे एकदम गळतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. पण सांगितलं तरी जीव व्हायचा तेवढा खालीवर होतोच. तर त्यातून जे वाचलेले होते ते लांब केस मी जपत होते, आणि ते असे गेले.

आता मूळ गोष्टीकडे येते, म्हणजे पार्लर. लोकलमधे लेडीज डब्यात माझ्यासमोर एक बाई रोज उभ्या असायच्या, पन्नाशीच्या असतील, कंबरेखाली येणारा शेपटा आणि वरपासून खालपर्यंत एकसारखा जाड. शेवटी एकदा ठाणे येईपर्यंत धीर करून विचारलंच की काकू तुम्ही ट्रिमिंग कुठे करता. त्यांनी नंबर दिला आणि म्हणाल्या, "जा, पण घाईत जाऊ नकोस, ती आधी तासभर बोलेल." तसंच झालं.

डोंबिवली ईस्टला एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, घराच्या पुढच्या खोलीत आहे. बाहेर छोटा बोर्ड, आत एकच खुर्ची, एक आरसा, भिंतीला टेकवलेली शिलाई मशीन. ताई आधी ब्लाऊज शिवायच्या, पार्लर नंतर चालू केलं, आणि ते शिवणकाम त्यांच्या केस कापण्यात जागोजागी दिसतं. नाव-पत्ता इथे टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलंय, आहे तेवढी गर्दी पुरे आहे.

पहिल्यांदा एप्रिल २०२४ ला गेले. मी आपली फोटो घेऊन तयार. त्यांनी फोटो बघितलाच नाही, विचारलं, "तू रोज काय घालतेस? वेणी, अंबाडा का मोकळे?" मी म्हटलं ऑफिसला वेणी, घरी बुचडा, मोकळे म्हणजे लग्नकार्यालाच. "भांग मधे पाडतेस का बाजूला?" बाजूला. "मग आज पण तिथेच पाड, मी सोयीसाठी मधे पाडला तर एक बाजू उद्या खाली येईल." हा एवढा साधा प्रश्न मला आयुष्यात कुठल्याही पार्लरमधे कुणी विचारला नव्हता. भांग बदलला की डोक्यावरचे केस एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, मग खालची रेष तिरकी होणारच ना.

मग उभं केलं. खुर्ची बाजूला. कारण लांब केस खुर्चीच्या पाठीला लागले की ते नीट लोंबतच नाहीत, आणि बसल्यावर पाठीला बाक येतो. पाय जोडून, दोन्ही पायांवर सारखं वजन, समोर भिंतीवर एक कॅलेंडर लावलंय त्यातल्या तारखांकडे बघत राहायचं म्हणजे मान वरही नाही आणि खालीही नाही. मान खाली घालून सरळ रेष कापली तर मान उचलल्यावर वरचे केस खाली येतात आणि आतले वर राहतात, म्हणजे जी रेष कापली ती राहतच नाही. सलूनमधे माझं नेमकं हेच झालेलं.

आणि आता सगळ्यात मला आवडलेली गोष्ट. त्यांच्याकडे एक जुनी आडव्या पट्ट्यांची चादर आहे, निळी-पांढरी, ती पाठीवर अशी पांघरतात की पट्टे जमिनीला समांतर येतील, आणि मग त्यावर केस सोडतात. दुरेघी वहीवर अक्षर काढावं तसं. कुठली बाजू किती खाली आहे ते उभ्या उभ्या दिसतं, अंदाजाचं काही कामच नाही. वर मानेच्या खळगीपासून शिंप्याची टेप लावून माप घेतात आणि वहीत लिहितात, तारीख, मध्य किती, कोपरे किती. माझ्या पानावर पहिली नोंद आहे, मध्य ६२, कोपरे ४५. म्हणजे मधला शेंडा आणि बाजूचे केस यात १७ सेंटीमीटरचा फरक. एवढा खोल व्ही!

मी म्हटलं सगळं सरळ करून टाका, मला हा व्ही डोळ्यासमोर नको. त्या म्हणाल्या, "अगं सतरा सेंटीमीटर कापू? मग इथे येऊन पुन्हा रडशील." आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

केस कधीच न कापता वाढवले तर ते मागून आपोआप यू किंवा बोथट व्हीसारखे दिसतात. कारण सगळे केस समजा सारख्याच लांबीचे आहेत, तरी मानेजवळचा केस खालूनच सुरू होतो म्हणून सगळ्यात खाली पोचतो, आणि कपाळाजवळचा केस डोक्याला वळसा घालून, कानावरून मागे येतो, त्यात त्याची वीतभर लांबी खर्ची पडते. म्हणजे सरळ रेष हवी असेल तर पुढच्या केसांना मागच्यांपेक्षा खरोखरच जास्त लांब व्हावं लागतं, आणि तोवर मधल्या केसांना कापून थांबवून ठेवावं लागतं. कापून थांबवणं म्हणजे वाढ गेली. सरळ रेषेची किंमत नेहमी मधल्या लांबीने चुकवायची असते. व्हीची किंमत बाजूच्या जाडीने. आणि यूची किंमत सगळ्यात कमी, कारण केस जिकडे जायचे तिकडेच तो त्यांना जाऊ देतो, फक्त कडा साफ करतो.

हे कळल्यावर मला तो पहिला सलूनवाला व्ही पण कळला. व्हीच्या टोकाला केस असतातच किती, मूठभर. मोकळे सोडले की डोळा त्या टोकाकडे जातो म्हणून लांब आणि नाजूक वाटतं, फोटोत तर वाटतंच. पण वेणी घालणारीच्या काय उपयोगाचं ते?

त्या दिवशी त्यांनी मधून फक्त ३ सेंटीमीटर काढले, कोपरे हातही न लावता सोडले. कात्री लहान, अणकुचीदार, आणि ती फक्त केसांसाठीच, कागदाला सुद्धा लावत नाहीत. बोथट कात्रीने केस कापला जात नाही, चेमटतो, आणि चेमटलेल्या जागी महिन्याभरात फाटे फुटतात, म्हणून घरी स्वयंपाकघरातली किंवा शिवणाची कात्री केसांना लावू नका असं त्या मलाच नाही, येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात. केस कोरडे असतानाच कापतात. ओला केस ताणला जातो, चांगला पाव-एक भाग जास्त लांब होऊ शकतो, आणि वाळला की आखडतो. ज्यांचे केस लाटांचे किंवा कुरळे आहेत त्यांनी तर ओले केस कापायला देऊच नयेत, दोन बोटांची चार बोटं तिथेच होतात. कुरळ्या केसांना खरं तर यू का सरळ हा प्रश्न फारसा पडतच नाही, कडा दिसतच नाही नीट, त्यांचं गणित वेगळं आहे आणि त्याबद्दल मी बोलणं बरोबर नाही, माझे केस सरळच आहेत, खाली जरा लाट.

ऑगस्ट २०२४ ला दुसऱ्यांदा गेले. चार महिन्यात पाच सेंटीमीटर वाढलेले, म्हणजे मध्य ६४, कोपरे ५०, पुन्हा मधून ३ काढले, राहिले ६१. फरक सतरावरून अकरावर. वेणी घातली की टोकं बाहेर यायची ती खूपच कमी झाली. याच वेळी मी त्यांना विचारलेलं की दर महिन्याला ट्रिम केलं तर भरभर वाढतात म्हणतात ते खरं का. त्या हसल्या, "वाढ मुळाशी आणि कात्री शेंड्याला, त्यांची कधी गाठभेट होते का?" ट्रिमिंगने केस वाढत नाहीत, फक्त फाटलेला शेंडा वर चढायचा थांबतो म्हणून तुटणं कमी होतं आणि लांबी टिकते. पार्लरवाली बाई असून हे स्वतःच्या तोंडाने सांगते, याचं मला फार कौतुक वाटलं, कारण उलट सांगितलं असतं तर मी दर महिन्याला आलेच असते.

आता डिसेंबर २०२४. ही चूक माझी, ताईंची नाही, स्पष्ट लिहिते. मला सरळ रेषेचा नाद लागलेला. लांबसडक केस आणि खाली पट्टीने आखल्यासारखी जाड सरळ कडा, मला ते फार देखणं वाटतं, अजूनही वाटतं. त्या दोनदा नाही म्हणाल्या, म्हणाल्या थांब, अजून सात-आठ महिन्यात कोपरे येतील. मी ऐकलं नाही. मध्य ६६, कोपरे ५५, सगळं ५५ वर सरळ करून घेतलं. अकरा सेंटीमीटर, जवळपास नऊ महिन्यांची वाढ. चादरीवर ती रेष अशी आली की एक केस पट्टीच्या खाली नव्हता. हाताचं काम म्हणून मी असं ट्रिमिंग कधी बघितलेलं नाही. पाठीवर केस सोडले की खालची कड इतकी घट्ट, इतकी भरलेली दिसायची की मी दोन महिने नुसती आरशासमोर उभी राहायचे. वेणीचा शेंडा कुंचल्यासारखा जाड. डिलिव्हरीनंतर पहिल्यांदा मला वाटलं की माझे केस परत आले.

मग हळूहळू एकेक गोष्ट कळायला लागली. सरळ कडा सांभाळायला लागते. एक खांदा जरा खाली असला, बॅग एकाच बाजूला घेत असलो, तरी रेष तिरकी दिसते, यूमधे ते कुणाच्या लक्षातही येत नाही. केस पुढे खांद्यावर घेतले की पुढचे केस जास्त लांब असल्यामुळे छातीवर दोन टोकं तयार होतात आणि मागचे वरच राहतात. बुचडा बांधला की बोथट शेंडा आत जात नाही, खराट्यासारखा बाहेर उभा राहतो, दोन आकडे जास्त लागतात. पण हे सगळं मी सहन केलं असतं. खरी गोष्ट कोपऱ्यांची होती.

सरळ रेषेचे जे दोन कोपरे असतात ना, डावा आणि उजवा, ते कुठल्या केसांचे बनतात ते बघा. कानशिलाचे, कपाळाच्या बाजूचे. आणि आपल्या डोक्यावर सगळ्यात विरळ, सगळ्यात आधी गळणारे केस तेच असतात. बाळंतपणानंतर माझे जे गेले ते तिथलेच गेले, आणि जे नवीन उगवले ते २०२३ च्या सुरुवातीचे, ते आत्ता कुठे चाळीस सेंटीमीटरच्या आसपास आलेत, खालच्या कडेपर्यंत पोचायला त्यांना अजून कितीतरी अवकाश आहे. म्हणजे मधे कड भरलेली आणि दोन्ही कोपऱ्यात आरपार दिसतंय, उन्हात उभी राहिले तर चादरीचे पट्टे दिसतील एवढे विरळ. जिथे माझ्याकडे केस सगळ्यात कमी, तिथेच मी सगळ्यात जास्त लांबी मागत होते!

एप्रिल २०२५ ला ताईंकडे गेले आणि हेच बोलले, तर त्यांनी वही काढली, डिसेंबरच्या नोंदीच्या बाजूला त्यांनी पेन्सिलने आधीच लिहून ठेवलेलं, "कोपरे गोल, पुढच्या वेळी." मला तेव्हा काही बोलल्या नाहीत, कारण मला सरळच हवं होतं आणि केस माझे होते. ही माणसाची पारख आहे. त्या दिवशी मधून फक्त १ सेंटीमीटर आणि कोपरे खडूने चादरीवर गोलाई आखून, परकराचा घेर कापतात तसे, बाजूला जात जात चार सेंटीमीटर वर नेले. गेलेले केस जमिनीवर बघितले तर नखाएवढे झुपके, विरळ विरळ. मधली लांबी जवळपास जशीच्या तशी. आणि आरसा दाखवला तर सगळी कड भरलेली! जे आरपार दिसत होतं तेच नेमकं गेलं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय आणि मी ते सगळ्या मैत्रिणींना सांगते. केस वाढवत असाल तर उथळ यू. खोल नाही, उथळ. मध्य आणि कोपरा यात चार-पाच सेंटीमीटरचा फरक, त्याहून जास्त झाला की वेणीतून टोकं यायला लागतात. मधे हात लावायचा तो फक्त फाटे असतील तेवढाच, आणि विरळ दिसतात म्हणून कापायचे ते कोपरे. सरळ कडा त्यांनी करावी ज्यांना हवी ती लांबी आलेली आहे आणि आता तिथेच ठेवायचीय, कारण मग दर दोन-तीन महिन्यांनी वाढ कापायचीच असते, आणि ज्यांचे कानशिलाचे केस दाट आहेत. अशांना ती इतकी शोभते की मला हेवा वाटतो. व्ही मी कुणाला सांगत नाही. फक्त एक आहे, आधीच खोल व्ही असेल तर घाबरून एकदम सरळ करू नका, दर चार महिन्यांनी मधून तीन-तीन सेंटीमीटर काढत जा, वर्ष-दीड वर्षात यू होतो आणि लांबी मागे जात नाही, माझ्या वहीतले आकडे वर दिलेच आहेत.

आणि एक, यात फसायला होतं. घरच्या घरी मधे भांग पाडून दोन्ही बाजूचे केस पुढे घेऊन सरळ कापतात ना, त्याने मागे व्हीच होतो, कारण मागच्या केसांना पुढे यायला लांब वळसा पडतो म्हणून ते कमी कापले जातात. मानेवर सैल पोनी बांधून, ताठ उभं राहून कापलं तर रेष पुष्कळ सरळ येते. माझ्या चुलत बहिणीने पहिल्या पद्धतीने कापले आणि मला फोटो पाठवून विचारते, ताई हा व्ही कुठून आला.

मधल्या काळात मी घरी काय करते तर रविवारी उजेडात बसून एकेक बट पिळून बघते, फाटलेली टोकं बाहेर येतात, तेवढीच केसांच्या कात्रीने फाट्याच्या जरा वर कापायची. मुलगी झोपलेली असते तेव्हा अर्धा तास. यामुळेच आता ट्रिमिंगचं अंतर चार महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेलंय.

लांबी कुठवर जाईल याची पण घाई नाही राहिली. प्रत्येक केसाचं वाढीचं आयुष्य ठरलेलं असतं, कुणाचं दोन वर्षं, कुणाचं सहा-सात, त्यानंतर तो गळतोच, म्हणून कुणाचे केस खांद्याखाली जाऊन थबकतात आणि कुणाचे गुडघ्याला टेकतात. उत्तर प्रदेशातल्या स्मिता श्रीवास्तव यांची गिनीज बुकात २०२३ ला नोंद झाली, २३६.२२ सेंटीमीटर, म्हणजे सात फूट नऊ इंच. ती देणगीच लागते. आणि यात अजून एक आहे, सगळे केस एकाच दिवशी उगवलेले नसतात, कुणी आत्ता निघालंय, कुणी पाच वर्षांचं आहे, त्यामुळे शेंडा थोडा निमुळता होणारच, कितीही जपलं तरी. माझा मध्य आता ६६ आहे, म्हणजे शेंड्यातला केस साधारण चार वर्षं आणि पाच महिन्यांचा, २०२१ मधला. मुलगी जन्मायच्या आधी उगवलेला, त्या सगळ्या गळतीतून वाचलेला. त्याला मी पट्टीने कापायला निघाले होते.

आता पार्लरच्या उण्या बाजू, कारण रिव्ह्यू म्हटलं की ते पण आलं. फोन पटकन उचलत नाहीत, दोन-तीनदा करावा लागतो. केस धुवायची सोय नाही. लाईट कमी आहे, संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, मी एकदा गेले तर डावी बाजू सेंटीमीटरभर खाली राहिली, दुसऱ्या दिवशी परत बोलावून फुकट नीट करून दिली हे खरं, पण परत जावं लागलंच. खुर्चीसमोरच्या आरशात पाठ दिसत नाही, त्या फोनवर फोटो काढून दाखवतात. आणि लेयर्स, स्टेप, फेदर वगैरे हवं असेल तर तिथे जाऊ नका, त्या करतात पण मन लावून करत नाहीत, त्यांना लांब एकसंध केसच आवडतात. बोलतात पुष्कळ, मला आवडतं, घाईत असाल तर त्रास होईल. सासूबाईंना घेऊन गेले होते एकदा, त्यांचे केस पिकलेले आणि फारच विरळ झालेत, पाठीवर जेमतेम येतात, तर त्यांना ताईंनी सरळच कड दिली, म्हणाल्या, "काकू, तुम्ही अंबाडाच घालता, विरळ केसाला सरळ कापलं की होते तेवढे सगळे एका रेषेत येतात आणि दाट वाटतात." म्हणजे माझ्यासाठी यू आणि त्यांच्यासाठी सरळ, दोघींच्या वेगळ्या गरजा, दोघींना वेगळं उत्तर. सासूबाई घरी येऊन चार वेळा हात मागे नेऊन शेंडा चाचपत होत्या.

दर आम्हाला ट्रिमिंगचा २०० रुपये आहे, कंबरेखाली केस असतील तर २५०. त्या सलूनमधे मी बाराशे दिले होते.

माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा फोन न उचलण्यासाठी आणि त्या लाईटसाठी कापलाय. जाणार असाल तर केस आदल्या दिवशी धुऊन वाळवून जा, तेल लावून जाऊ नका कारण तेलाने केस चिकटतात आणि कड नीट दिसत नाही, नेहमीचा भांग पाडून जा, मागे मोठी कॉलर किंवा टोपी असलेला ड्रेस घालू नका, आणि सकाळी अकरा ते चार मधे जा. सोमवारी बंद असतं. माझं पुढचं फेब्रुवारीत आहे, फक्त कोपरे.